औषधाचे पैसे कोण देतो?

अमेरिकेतल्या औषधाच्या दुकानात काम करू लागले त्या पहिल्याच आठवड्यात मला एका साध्या गोष्टीचा धक्का बसला, आणि ती गोष्ट पुरती उमगायला पुढची बरीच वर्षे जावी लागली. १९९६ चा हिवाळा होता. मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान गावात, एका वयस्कर फार्मसिस्टच्या स्वतःच्या मालकीच्या दुकानात मी परवान्यासाठी लागणाऱ्या तासांची उमेदवारी करत होते. एक बाई आपल्या लहान मुलाच्या कानदुखीसाठी लिहून दिलेले अमॉक्सिसिलिन घ्यायला आल्या. मी बाटलीतल्या पावडरीत मोजून पाणी घातले, बाटली नीट हलवली, लेबल चिकटवले आणि मालकांना विचारले, की यांचे किती घ्यायचे? ते म्हणाले, "थांब, अजून कळलेले नाही." बाईंच्या प्लॅस्टिकच्या कार्डावरचा क्रमांक त्यांनी संगणकात घातला, तो टेलिफोनच्या तारेवरून कुठेतरी दूर गेला, आणि काही सेकंदांनी पडद्यावर दोन आकडे उमटले. एक होता बाईंनी द्यायची रक्कम, पाच डॉलर. दुसरा होता दुकानाला मागाहून मिळणारी रक्कम. दुसरा आकडा पाहून मालकांनी ओठ आवळले आणि काही न बोलता बाटली पिशवीत घातली.

मी दुकानदाराची मुलगी आहे. दुकान आपले, माल आपला, हिशेब आपला, आणि किंमत मात्र समोर नसलेला तिसराच कोणीतरी ठरवतो, हे मला तोवर माहीत नव्हते.

कराडच्या शनिवार पेठेत अण्णांचे मेडिकल होते. दहा बाय बाराची जागा, तिन्ही भिंतींना लाकडी फळ्या आणि पुढे काचेचा काउंटर. स्ट्रिपमधून सहा गोळ्या हव्या असल्या, की अण्णा कात्रीने अशा बाजूने कापत, की मुदतीची तारीख छापलेला तुकडा शेवटपर्यंत दुकानात राहावा. कापलेल्या गोळ्या छोट्या पाकिटात जात आणि पाकिटावर ते बॉलपेनने १-०-१ असे लिहून देत. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी सूर्य आणि चंद्र काढून देत. ओगलेवाडीपासून मसूरपर्यंतचे लोक येत. ज्यांच्याकडे रोख नसे त्यांचे नाव उधारीच्या वहीत जाई आणि कारखान्याचे उसाचे बिल आले, की ते पुसले जाई. किंमत पाकिटावर छापलेली असे, त्यातला ठरावीक वाटा अण्णांचा, आणि एवढ्यावर आमचे घर चालत असे. "अण्णा, ह्या दोन गोळ्या बरोबर घेतल्या तर चालतील न्हवं?" असे विचारणारा माणूस, औषध घेणारा माणूस आणि पैसे देणारा माणूस हे तिन्ही एकच होते. त्यामुळे उत्तराचे वेगळे पैसे कोणी मागितले नाहीत आणि उत्तर द्यायला वेळ नाही असेही कोणी म्हटले नाही.

हे तीन जण एकमेकांपासून सुटे झाले, की औषधाच्या धंद्याचे काय होते, हे ज्या कंपनीच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसते ती कंपनी माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर जन्मली. १९६३ साली मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल या गावात स्टॅन्ली व सिडनी गोल्डस्टीन हे भाऊ आणि त्यांचे भागीदार राल्फ होगलंड यांनी एक दुकान काढले. नाव होते 'कन्झ्युमर व्हॅल्यू स्टोअर्स', म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाचे मोल देणारे दुकान. त्यात शांपू, साबण, टूथपेस्ट, दाढीचे सामान असा माल स्वस्तात मिळे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध मात्र तिथे एकही नव्हते. मेरिमॅक नदीकाठचे लोवेल हे कापडगिरण्यांचे गाव, आणि त्या गिरण्यांचे वैभव तोवर ओसरून बरीच वर्षे झाली होती. चार पैसे वाचवण्याची गरज असलेल्या गावात चार पैसे वाचवून देणारे दुकान चालले यात नवल नाही. वर्षभरात दुकाने १७ झाली आणि लांब नावाची तीन अक्षरे उरली: सीव्हीएस. १९६७ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या वॉरविक आणि कंबरलंड इथल्या दुकानांत पहिल्यांदा फार्मसीचा विभाग उघडला. १९६९ मध्ये बूट-चपलांच्या धंद्यातून मोठ्या झालेल्या मेलव्हिल या कंपनीने ही साखळी विकत घेतली, आणि पुढची सत्तावीस वर्षे सीव्हीएस त्या छत्राखाली वाढली. तिचे मुख्यालय आजही ऱ्होड आयलंडमधल्या वूनसॉकेटला आहे. तेही एकेकाळचे गिरणगाव.

ज्या वर्षी मेलव्हिलने सीव्हीएस घेतली त्याच सुमाराला, तिथून हजारो मैलांवर, ॲरिझोनात एक वेगळीच कंपनी आकार घेत होती. तिचे नाव पीसीएस. नोकरदारांच्या औषधांचे पैसे त्यांच्या मालकांकडून किंवा विमा कंपनीकडून दुकानापर्यंत पोहोचवायचे आणि त्या व्यवहाराची कागदपत्रे सांभाळायची, हे तिचे काम. त्यासाठी तिने लोकांच्या हाती प्लॅस्टिकचे कार्ड दिले. तोवर अमेरिकेतही चिठ्ठीवरच्या औषधाचे पैसे बहुतेक सारे लोक अण्णांच्या गिऱ्हाइकांसारखेच स्वतःच्या खिशातून देत असत. कार्ड आले आणि हळूहळू पैसे देणारा माणूस काउंटरवरून उठून गेला. सुरुवातीला या मधल्या कंपन्या नुसती कारकुनी करत होत्या. पण लक्षावधी लोकांच्या औषधांची बिले एकाच हातातून जाऊ लागल्यावर त्या हाताला बळ आले. कोणते औषध मान्य यादीत असेल, कोणत्या औषधाला आधी परवानगी घ्यावी लागेल, औषध बनवणाऱ्या कंपनीने यादीत जागा मिळवण्यासाठी किती सूट परत द्यावी, आणि दुकानदाराला एका गोळीमागे किती मिळावे, हे सारे त्याच ठरवू लागल्या. यांना पीबीएम म्हणतात, म्हणजे औषध-लाभांचे व्यवस्थापक. १९९६ च्या हिवाळ्यात आमच्या पडद्यावर उमटलेले ते दोन आकडे अशाच एका व्यवस्थापकाचे होते.

त्याच वर्षी मेलव्हिलने आपले बाकीचे व्यवसाय सोडून दिले आणि सीव्हीएस स्वतंत्र कंपनी झाली. त्यानंतरची दहा वर्षे दुकाने गिळण्याची आहेत. पीपल्स ड्रग ही साखळी १९९० मध्येच आलेली होती. १९९७ मध्ये स्वतःची दुकाने चौदाशेच्या आसपास असताना तिने अडीच हजारांच्या आसपास दुकाने असलेली रेव्हको घेतली. लहान माशाने मोठा मासा गिळला. मग आर्बर, मग २००४ मध्ये एकर्डची बाराशेहून अधिक दुकाने, मग पश्चिमेकडची सॅव्हऑन, मग लाँग्ज. या याद्या व्यापारी इतिहासात पानेच्या पाने भरतात. मला त्यांत फारसे काही दिसत नाही. फक्त एक गोष्ट सांगण्याजोगी वाटते, की या खरेदीत खरी मोलाची वस्तू इमारत नसते, फळ्यांवरचा मालही नसतो. मोल असते ते फाइलींचे. कोणत्या माणसाला कोणते औषध चालू आहे, किती रिफिल शिल्लक आहेत (म्हणजे त्याच चिठ्ठीवर अजून किती वेळा औषध घेता येईल), ते कोणत्या डॉक्टरने लिहिले आहे, ही नोंद ज्याच्याकडे तो माणूस त्याचा.

हे मला फार जवळून कळले. आमच्या दुकानाला परत मिळणारी रक्कम वर्षागणिक घटत गेली. काही औषधांच्या बाबतीत आम्ही बाटली ज्या भावाने घेतली त्याहूनही पडद्यावरचा आकडा कमी असे, आणि त्याची दाद मागायला एक फॉर्म भरून पाठवावा लागे, ज्याचे उत्तर बहुधा नकाराचेच येई. शेवटी मालकांनी एका साखळीला फाइली विकल्या. त्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला आम्ही दार लावले, आणि त्याच रात्री बावीसशे माणसांची औषधांची नोंद दोन मैलांवरच्या झगमगीत दुकानात जाऊन बसली. टेलिफोनही तिकडे वळवला गेला. दुसऱ्या दिवशी जुन्या सवयीने जुना क्रमांक फिरवणाऱ्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना मालकांच्या ऐवजी यंत्राचा आवाज ऐकू आला असणार, या विचाराने मला कित्येक रात्री झोप लागली नाही. मालकांचा मी राग केला नाही. त्यांनी चाळीस वर्षे ते दुकान चालवले होते, आणि तोट्यात विकायचे असेल तर दुकान कशाला चालवायचे, या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडेही नव्हते.

फार्मसिस्ट म्हणून काउंटरच्या आतली गोष्ट सांगते. मोठ्या पांढऱ्या बाटलीतून गोळ्या निळ्या ताटलीत ओतायच्या, पातळ सुरीसारख्या पट्टीने पाच-पाचच्या ओळीने बाजूला सरकवायच्या, मोजून झाल्या की नारिंगी डबीत भरायच्या आणि मुलांना उघडता येणार नाही असे झाकण लावायचे. रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांच्या कित्येक मोठ्या बाटल्यांवर मी 'गोवा' हे अक्षर वाचले आहे, कारण वेर्ण्याच्या कारखान्यांतून ल्युपिन आणि सिप्ला यांचा माल इकडे येतो. अमेरिकेत दर दहापैकी सुमारे नऊ चिठ्ठ्या आज अशा जेनेरिक औषधांनी भरल्या जातात. घरच्या माणसाने केलेली वस्तू परक्या मुलुखात हाती यावी तसा मला त्या अक्षराचा आनंद होत असे. पण त्या बाटलीची खरेदी किंमत पाहिली, की हेही लक्षात येई, की नव्वद गोळ्यांचा भाव कधी कधी एका जेवणापेक्षाही कमी आहे. गोळी स्वस्त होत गेली आणि पैसा गोळीतून निघून दुसरीकडे गेला. तो कुठे गेला, हे सीव्हीएसने इतरांच्या आधी ओळखले. मोठेपणाचे श्रेय तिला द्यायचे तर ते यासाठी द्यायला हवे.

२००६ आणि २००७ ही दोन वर्षे त्या दृष्टीने निर्णायक ठरली. १ जानेवारी २००६ पासून अमेरिकेतल्या वृद्धांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी योजनेत पहिल्यांदाच औषधांचा विमा मिळू लागला, आणि त्यामुळे स्वतःच्या खिशातून पैसे देणारा शेवटचा मोठा समूहही कार्डाच्या व्यवस्थेत आला. त्याच वर्षी सीव्हीएसने मिनिटक्लिनिक ही कंपनी घेतली. २००० साली मिनेसोटात किराणा मालाच्या दुकानांत सुरू झालेली ही छोटी दवाखान्याची कल्पना होती: डॉक्टरांच्या ऐवजी प्रशिक्षित नर्स प्रॅक्टिशनर, आधी वेळ ठरवण्याची गरज नाही, घसा, कान, लसी अशी मोजकी कामे आणि प्रत्येकाचा दर भिंतीवर लिहिलेला. अमेरिकन दवाखान्यात उपचाराची किंमत आधी कळणे ही इतकी दुर्मीळ गोष्ट, की त्या पाटीवरची ती दरांची ओळ पाहून मला अण्णांचे छापील किमतीचे पाकीट आठवले होते.

मात्र मिनिटक्लिनिकपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट पुढच्या वर्षी झाली. केअरमार्क ही पीबीएम सीव्हीएसने वीस अब्ज डॉलरांहून अधिक किंमत मोजून आपल्यात विलीन करून घेतली. एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स या प्रतिस्पर्ध्यानेही त्याच कंपनीसाठी बोली लावली होती आणि काही महिने ओढाताण चालली. ज्या केअरमार्कसाठी ही ओढाताण झाली तिच्या पोटात ती जुनी पीसीएस होती. मधल्या काळात पीसीएस हातोहात फिरली होती. १९९४ मध्ये एलाय लिली या औषध कंपनीने तिला ४ अब्ज डॉलरांना घेतले. पुढे राइट एड या औषधांच्या दुकानांच्या साखळीने दीड अब्जाला घेतले, आणि कर्जाच्या ओझ्याखाली येऊन २००० मध्ये विकून टाकले. घेणाऱ्या कंपनीतून झालेली ॲडव्हान्सपीसीएस २००४ मध्ये केअरमार्कमध्ये विरली. म्हणजे पैशाचा उगम जिथे आहे तिथे जाऊन बसायचे, हा विचार राइट एडलाही सुचला होता. तिला तो पेलला नाही. २०२३ मध्ये राइट एडने दिवाळखोरी जाहीर केली, २०२५ मध्ये पुन्हा केली, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तिची उरलीसुरली दुकानेही बंद झाली. ज्या वस्तूच्या ओझ्याने एक साखळी वाकली तिच्याच आधाराने दुसरी उभी राहिली, ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वाटते.

त्या वेळी कंपनीचे प्रमुख टॉम रायन होते आणि त्यांच्यामागून २०११ मध्ये लॅरी मर्लो आले. दोघेही शिक्षणाने फार्मसिस्ट, आणि मर्लो तर पीपल्स ड्रगच्या काउंटरवरून वर गेलेले. हे मी मुद्दाम सांगते, कारण फेब्रुवारी २०१४ मध्ये मर्लो यांनी जो निर्णय जाहीर केला, तो मला काउंटरवर उभे राहिलेल्या माणसाचाच निर्णय वाटला. आपल्या साडेसात हजारांहून अधिक दुकानांत सिगारेट आणि तंबाखू विकायची नाही, असे त्यांनी ठरवले. वर्षाला सुमारे २ अब्ज डॉलरांची विक्री त्यामुळे बुडणार होती. अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुखाने, धूम्रपान आणि कर्करोग यांचा संबंध सांगणारा अहवाल १९६४ मध्ये प्रसिद्ध केला, त्याला तेव्हा बरोबर ५० वर्षे झाली होती, आणि ५० वर्षे फार्मसीच्या दुकानात पुढच्या गल्ल्यामागे सिगारेटी आणि मागच्या काउंटरवर दम्याचे पंप असा प्रकार चालत आला होता. एकच माणूस मागून पंप घेऊन पुढून सिगारेटचे पाकीट घेताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेला आहे, आणि तेव्हा काय करावे ते मला कळले नव्हते. ३ सप्टेंबर २०१४ ला ठरल्या तारखेच्या महिनाभर आधीच सिगारेटी फळ्यांवरून उतरल्या आणि त्याच दिवशी कंपनीने आपले नाव 'सीव्हीएस हेल्थ' असे केले. यामागे व्यापारी हिशेबही होता, हे खरे आहे. विमा कंपन्यांशी, रुग्णालयांशी आणि नोकऱ्या देणाऱ्या मोठ्या मालकांशी आरोग्याचे करार करायचे, तर तंबाखूचे दुकानदार म्हणून बसता येत नाही. पण हिशेब होता म्हणून निर्णयाचे मोल कमी होत नाही. इतर साखळ्यांनाही तो हिशेब मांडता आला असता.

नाव बदलल्यावर गाडी थांबली नाही. २०१५ मध्ये टार्गेट या भांडारांमधल्या सोळाशेहून अधिक फार्मसी आल्या, वृद्धाश्रमांना औषधे पुरवणारी ऑम्निकेअर आली. आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये सीव्हीएसने एटना ही विमा कंपनी सुमारे ६९ अब्ज डॉलरांना घेतली. एटना म्हणजे १८५३ मध्ये कनेटिकटमधल्या हार्टफर्डला स्थापन झालेली, दोन कोटींहून अधिक लोकांचा वैद्यकीय विमा असलेली कंपनी. या खरेदीला हरकत न घेण्यासाठी सरकारने कंपन्यांशी केलेल्या तडजोडीवर वॉशिंग्टनमधले न्यायाधीश रिचर्ड लिऑन यांनी नुसता शिक्का मारायला नकार देऊन साक्षी काढल्या आणि शेवटी सप्टेंबर २०१९ मध्ये ती मान्य केली. आता विम्याचा हप्ता घेणारी, औषधांची यादी ठरवणारी, औषधाचे बिल चुकते करणारी आणि औषधाची डबी हातात देणारी कंपनी एकच झाली.

पहिल्यांदा हे वाचले तेव्हा माझ्या मनात क्षणभर एक भाबडी आशा उमटली होती. वाटले, की जे तीन जण सुटे झाले होते ते पुन्हा एका ठिकाणी येत आहेत. विमा कंपनीला रुग्ण रुग्णालयात जाऊ नये असे वाटेल, त्यासाठी गोळ्या नेमाने घेतल्या जाव्यात असे वाटेल, आणि त्या नेमाची चौकशी करायला काउंटरवरच्या फार्मसिस्टला वेळ दिला जाईल. या आशेत तर्क होता. मेडिकेअरच्या खासगी योजनांमध्ये सरकार माणसामागे ठरावीक रक्कम देते, त्यामुळे माणूस जितका बरा राहील तितके कंपनीचे भले होते. याच तर्काने २०२३ मध्ये सीव्हीएसने घरोघर जाऊन वृद्धांची तपासणी करणारी सिग्निफाय हेल्थ ८ अब्ज डॉलरांना, आणि वृद्धांसाठी दवाखाने चालवणारी ओक स्ट्रीट हेल्थ १०.६ अब्ज डॉलरांना घेतली. लोवेलच्या शांपूच्या दुकानापासून साठ वर्षांत कंपनीचे स्वतःचे डॉक्टर, स्वतःचा विमा आणि स्वतःचा औषध-व्यवस्थापक झाला. २०२४ मध्ये तिची उलाढाल ३७२ अब्ज डॉलरांच्या पुढे गेली.

दरम्यान काउंटरवर जे घडत होते ते वेगळे होते. कोविडच्या साथीत फार्मसिस्टांनी काय केले, ते मी अभिमानाने सांगते. डिसेंबर २०२० मध्ये वृद्धाश्रमांतल्या लोकांना लस देण्याची जबाबदारी केंद्र सरकारने सीव्हीएस आणि वॉलग्रीन्स या दोन साखळ्यांवर सोपवली, आणि नंतर गावोगावच्या दुकानांतून कोट्यवधी लोकांच्या दंडावर लस टोचली गेली. ती टोचणारे हात फार्मसिस्ट आणि टेक्निशियन यांचे होते, आणि तेच हात त्याच तासांत गोळ्याही मोजत होते, फोनही उचलत होते, ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीतून डबीही देत होते. कामे वाढली, माणसे वाढली नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅन्सस सिटी भागातल्या सीव्हीएसच्या फार्मसिस्टांनी एकत्र ठरवून कामावर येणे नाकारले आणि कित्येक फार्मसी त्या दिवसांत उघडल्याच नाहीत. पगार वाढवा, अशी त्यांची मुख्य मागणी नव्हती. हाताखाली पुरेशी माणसे द्या, घाईत चूक होईल आणि ती रुग्णाला भोवेल, असे ते म्हणत होते. पुढच्या महिन्यात वॉलग्रीन्समध्येही असेच झाले. त्या बातम्या वाचताना माझे हात थरथरले, कारण घाईत मोजलेल्या गोळीची भीती काय असते, ते या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

वरच्या मजल्यांवरही सारे सुखाचे गेले नाही. विम्याच्या बाजूला वृद्धांचा उपचारखर्च अंदाजापेक्षा जास्त निघाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीच्या प्रमुख कॅरेन लिंच पायउतार झाल्या आणि त्यांच्या जागी केअरमार्कचे डेव्हिड जॉयनर आले. २०२५ मध्ये दवाखान्यांच्या व्यवसायाचे मोल कागदोपत्री ५.७ अब्ज डॉलरांनी खाली आणावे लागले. वॉलग्रीन्सने व्हिलेजएमडी या दवाखान्यांच्या कंपनीत अब्जावधी घालून त्याहून मोठा फटका खाल्ला. डॉक्टर आणि रुग्ण यांचे नाते विकत घेता येते, पण ते दुकानांच्या वेगाने वाढवता येत नाही, असे मला यातून दिसते. आणि पीबीएमच्या बळाकडे आता सरकारचेही लक्ष गेले आहे. जुलै २०२४ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाने म्हटले, की देशातल्या जवळजवळ ८० टक्के चिठ्ठ्या तीनच पीबीएमच्या हातून जातात; सीव्हीएसची केअरमार्क त्यांतली एक. आर्कान्सा राज्याने तर २०२५ मध्ये पीबीएमला फार्मसीची मालकी ठेवता येणार नाही असा कायदाच केला, आणि तो अमलात येण्याआधी केंद्रीय न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. किंमत ठरवणारा आणि विकणारा एकच असू नये, या बाजूचे माझे मत आहे. तोट्यात गेलेल्या त्या छोट्या दुकानात आठ वर्षे काढलेल्या माणसाचे ते दुसरे काही असणार नाही.

पण माझे दुःख मालकीचे नाही. ते त्या एका प्रश्नाचे आहे, जो कराडला अण्णांना विचारला जाई. १९९० च्या एका केंद्रीय कायद्यामुळे अमेरिकेत फार्मसिस्टने रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगण्याची तयारी दाखवणे बंधनकारक झाले. कायदा चांगला होता. प्रत्यक्षात त्याचे रूप असे झाले, की डबी घेताना छोट्या पडद्यावर बोटाने सही करायची असते, आणि आपण जिथे सही करतो आहोत तिथे 'मला फार्मसिस्टशी बोलायचे नाही' असे लिहिले आहे, हे क्वचितच कोणी वाचते. मेडिकेअरच्या ज्या भागातून डॉक्टरांच्या तपासणीचे पैसे दिले जातात, त्यात फार्मसिस्टला आजही सेवा देणारा म्हणून स्थान नाही. लसीचे पैसे मिळतात, डबीचे मिळतात, योजनेने निवडलेल्या काही रुग्णांच्या औषधांचा आढावा घेतल्याचेही मिळतात. काउंटरवर आपण होऊन विचारलेल्या प्रश्नाचे पैसे देणारे खाते मात्र कोणाकडे नाही. ज्या ज्या गोष्टीचे पैसे कोणीतरी देतो ती ती गोष्ट औषधांच्या या साखळ्यांनी एकामागून एक विकत घेतली किंवा घेऊ पाहिली. उत्तर विकत घ्यायला निघालेच नाही.

मी आता आठवड्यातून दोन दिवस एका रुग्णालयाच्या फार्मसीत जाते. गेल्या मार्चमध्ये एक वृद्ध गृहस्थ किराणा मालाची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले आणि ती त्यांनी काउंटरवर उपडी केली. अकरा डब्या होत्या. काही टपालाने आलेल्या, काही दोन निरनिराळ्या दुकानांतल्या, एक रुग्णालयातून घरी पाठवताना दिलेली. त्यांनी विचारले, "यातले काय काय घ्यायचे नाही ते सांगाल का? हल्ली उभे राहिले की अंधारी येते." मी डब्या ओळीने लावल्या. एकीवर मेटोप्रोलोल असे लिहिले होते, दुसरीवर लोप्रेसर. एकच औषध, दोन नावे, आणि ते दोन्ही डब्यांतून रोज गोळ्या घेत होते. मी त्यांना खुर्चीवर बसवले, नाडी मोजली, त्यांच्या डॉक्टरांच्या कार्यालयात फोन लावला आणि संगीत ऐकत थांबले. मागे रांग वाढत होती, आणि माझ्या टेक्निशियनने काही न बोलता दुसरा गल्ला उघडला. डॉक्टरांशी बोलणे होईपर्यंत पाऊण तास गेला. एक डबी मी जुन्या औषधांच्या पेटीत टाकली, उरलेल्या दहांवर मार्करने सकाळ आणि रात्र असे लिहिले, आणि त्यांचा चष्मा जाड होता म्हणून बाजूला सूर्य आणि चंद्रही काढले. पिशवी भरून झाल्यावर त्यांनी खिशातून विम्याचे कार्ड काढून माझ्यापुढे धरले आणि विचारले, की याचे किती झाले? मी कार्ड त्यांना परत दिले आणि त्यांच्या मुलीचा फोन क्रमांक लिहून घेतला, कारण आठवड्याने नाडी पुन्हा मोजायला हवी होती.